ताप उतरल्यावरही फिट्स का राहतात?

लहान मुलाला ताप येतो, ताप चढत जातो, आणि एकदम त्याचे डोळे वर जातात, हातपाय ताठ होतात, अंग झटके द्यायला लागतं. आई-बापाच्या पोटात गोळाच येतो. 'ताप डोक्यात गेला' असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा ही फिट दोन-चार मिनिटांत थांबते, मूल झोपून जातं आणि उठल्यावर पूर्वीसारखं खेळायला लागतं. सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या शंभरातल्या दोन ते पाच मुलांना कधी ना कधी अशी तापातली फिट येते, आणि त्यातल्या बहुतेकांना पुढे काहीही त्रास होत नाही. हे आधीच सांगून ठेवायला हवं, म्हणजे पुढचं वाचून कुणाची उगाच झोप उडायची नाही.

काही मुलांची गोष्ट मात्र वेगळी असते. त्यांच्या तापामागे थेट मेंदूला धक्का देणारा संसर्ग असतो. कधी जिवाणूंमुळे झालेला मेंदूज्वर, कधी विषाणूंमुळे आलेली मेंदूची सूज, कधी मेंदूचा मलेरिया. उपचार होतात, ताप उतरतो, मूल वाचतं, डिस्चार्ज मिळतो. आणि मग काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, अंगात कणभरही ताप नसताना त्या मुलाला फिट येते. पुन्हा येते. संसर्ग केव्हाच संपलेला असतो, तरी अपस्मार मागे राहिलेला असतो.

असं का होतं, कोणत्या मुलांना होतं आणि ते टाळता येईल का, या प्रश्नांमागे तीस वर्षांहून अधिक काळ लागलेले एक डॉक्टर म्हणजे चार्ल्स न्यूटन. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला डॉक्टर झालेले, इंग्लंडमध्ये बालरोगाचं शिक्षण घेतलेले न्यूटन 1989 साली केनियाच्या किनाऱ्यावर किलिफीला आले. मोम्बासाच्या उत्तरेला, हिंदी महासागराच्या काठावरचं हे गाव. तिथल्या जिल्हा रुग्णालयाच्या आवारात केनियाची वैद्यकीय संशोधन संस्था केमरी, ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांचं संशोधन केंद्र नुकतं उभं राहत होतं. मलेरियाचे संशोधक केविन मार्श यांच्यासोबत ते उभं करण्यात न्यूटन होते. पुढे ते अमेरिकेत आणि लंडनमध्ये मुलांच्या मेंदूविकारांचं प्रशिक्षण घेऊन आले, पण कामाचं ठिकाण किलिफीच राहिलं. आज त्या कामात सायमन कारियुकी, अमिना अबुबकर असे केनियाचे स्वतःचे संशोधकही आघाडीवर आहेत.

या सगळ्यांच्या कामाचं मोल माझ्या मते एका गोष्टीत आहे. ते मूल घरी गेल्यावर थांबले नाहीत. मूल जगलं की वॉर्डाच्या वहीत 'बरा होऊन गेला' अशी नोंद होते आणि फाइल मिटते. यांनी त्या फाइली पुन्हा उघडल्या आणि मुलांच्या दारात जाऊन विचारलं, आता कसं आहे?

आधी मेंदूचा मलेरिया म्हणजे काय ते पाहू, कारण किलिफीतली सुरुवात तिथूनच झाली. मलेरियाचे परजीवी अनेक जातींचे असतात. त्यातली फॅल्सिपेरम ही जात सर्वांत घातक. हा परजीवी रक्तातल्या लाल पेशीत शिरतो, तिथे वाढतो आणि त्या पेशीच्या पृष्ठभागावर बारीक उंचवटे तयार करतो. त्या उंचवट्यांवर असलेल्या प्रथिनांमुळे ती पेशी रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटून बसते. परजीवीला यात फायदा असतो, कारण चिकटून राहिलेली पेशी प्लीहेपर्यंत पोचत नाही आणि प्लीहेत होणारी तिची छाननी टळते. मेंदूतल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांत अशा हजारो पेशी चिकटल्या की रक्ताचा प्रवाह मंदावतो, भिंती झिरपायला लागतात, मेंदूला सूज येते. परजीवी स्वतः मेंदूच्या पेशींत कधीच शिरत नाही, रक्तवाहिनीच्या आतच राहतो, आणि तरीही पलीकडे एवढा उत्पात घडतो. सकाळी अंगणात खेळणारं मूल रात्रीपर्यंत गाढ बेशुद्ध होऊ शकतं. चांगले उपचार मिळूनही अशा शंभर मुलांपैकी पंधरा-वीस दगावतात.

आफ्रिकेत याचा बळी मुख्यतः पाच वर्षांखालची मुलं. इतक्या लहान मुलाची बेशुद्धी मोजायची कशी, हाही प्रश्नच होता. मोठ्यांसाठी वापरतात त्या मोजपट्टीत रुग्ण काय बोलतो याला गुण असतात, आणि वर्षाचं मूल बोलतच नाही. म्हणून मलावी देशातल्या ब्लँटायर शहरात डॉक्टरांनी पाच गुणांची साधी पद्धत बसवली. मूल डोळ्यांनी माणसाचा मागोवा घेतं का, दुखलं तर कसं रडतं, हात मागे घेतं का, एवढंच पाहायचं. पाचपैकी दोन किंवा त्याहून कमी गुण म्हणजे कोमा. ती पद्धत आजही वापरात आहे.

ब्लँटायरमधलं आणखी एक काम इथे सांगायलाच हवं. टेरी टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या मलेरियाने गेलेल्या 31 मुलांची, पालकांची परवानगी घेऊन, शवचिकित्सा केली. 2004 साली त्याचा अहवाल आला. त्यातल्या 7 मुलांच्या मृत्यूचं कारण मलेरिया नव्हतंच. रक्तात परजीवी होते, मूल बेशुद्ध होतं, म्हणून मलेरिया धरला गेला होता. मृत्यूचं खरं कारण दुसरंच निघालं. जिथे मलेरिया घरोघरी असतो तिथे रक्तात परजीवी सापडणं आणि आजार मलेरियामुळेच असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याच अभ्यासातून एक उपयोगी खूण पक्की झाली. डोळ्याच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, पांढुरके डाग, रक्ताचे ठिपके आणि रंग बदललेल्या रक्तवाहिन्या दिसल्या तर मेंदूचा मलेरिया खराच. मेंदूत डोकावायची सोय नसलेल्या दवाखान्यात डॉक्टर मुलाच्या डोळ्यात पाहून मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा अंदाज घेऊ शकतो. हे मला फार विलक्षण वाटतं.

आता फिट्सकडे येऊ.

मेंदूच्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक संदेशांनी बोलतात. काही पेशी पुढच्या पेशीला उत्तेजन देतात, काही तिला आवरतात. हा तोल ढळला आणि असंख्य पेशी एकाच वेळी, एकाच तालात संदेश सोडू लागल्या की फिट येते. ताप, सूज, रक्तातली साखर घसरणं, प्राणवायू कमी पडणं, यातलं काहीही तो तोल बिघडवू शकतं. मेंदूच्या मलेरियात तर ही चारही कारणं एकत्र येतात.

किलिफीच्या वॉर्डात बेशुद्ध मुलांच्या डोक्याला तारा लावून मेंदूच्या विजेची नोंद, म्हणजे ईईजी, घेतली गेली. दाखल झाल्यानंतरही निम्म्याहून जास्त मुलांना फिट्स येत होत्या. पण त्या सगळ्या दिसत नव्हत्या. काही मुलांचं अंग अगदी शांत होतं आणि ईईजीच्या कागदावर मात्र वादळ चाललेलं होतं. अशा मुलाजवळ नीट बसून पाहिलं तर खुणा सापडतात. दोन्ही डोळे एका बाजूला वळलेले राहतात. बुबुळं बारीक थरथरतात. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळते. ओठाचा एक कोपरा उडतो. श्वास मध्येच अडखळतो आणि पुन्हा सुरू होतो. घाईत फेरी मारणाऱ्या माणसाला हे मूल नुसतं झोपल्यासारखं वाटेल. प्रत्यक्षात त्याची फिट अर्धा तास चालू असेल. त्यामुळे 'कोमात आहे' असं समजलेल्या काही मुलांच्या बाबतीत कोमाचं एक कारण न थांबलेली फिट हेच होतं.

मग साहजिकच वाटतं, फिट थांबवणारं औषध सगळ्यांनाच आधी देऊन टाकावं. किलिफीत नेमकं हेच तपासलं गेलं आणि त्याचा निकाल वाचताना आजही अंगावर काटा येतो. जेन क्रॉली, न्यूटन आणि सहकाऱ्यांनी मेंदूचा मलेरिया झालेल्या 340 मुलांना दोन गटांत विभागलं. एका गटाला फिनोबार्बिटोनचं एकच इंजेक्शन दिलं, वजनाच्या दर किलोमागे 20 मिलिग्रॅम. दुसऱ्या गटाला औषध नसलेलं इंजेक्शन. कुणाला काय दिलं हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. 2000 साली निकाल छापून आला. तीन किंवा जास्त फिट्स येण्याचं प्रमाण औषध न घेतलेल्यांत 27 टक्के होतं, औषध घेतलेल्यांत फक्त 11 टक्के. म्हणजे औषधाने आपलं काम चोख केलं होतं. पण औषध न मिळालेल्या गटात 14 मुलं दगावली होती आणि औषध मिळालेल्या गटात 30.

फिट्स कमी झाल्या आणि मृत्यू दुप्पट झाले. फिनोबार्बिटोन मेंदूला शांत करतं, तसं श्वासावर ताबा ठेवणाऱ्या केंद्रालाही मंद करतं. ज्या मुलांना फिट थांबवायला आधीच डायझेपामचे तीन किंवा जास्त डोस दिले गेले होते, त्यांना धोका सर्वांत जास्त होता. कृत्रिम श्वासाचं यंत्र जवळ असतं तर कदाचित ती मुलं तगली असती, पण अशा रुग्णालयांत ते मिळणं दुरापास्त होतं. पुढे किलिफीतच श्वासावर कमी परिणाम करणारं फॉसफेनिटोइन वापरून पाहिलं. त्याने फिट्सही कमी झाल्या नाहीत.

अशा चाचण्यांबद्दल काही जण रागाने विचारतात की मुलांवर प्रयोग करायचेच कशाला. मला उलट वाटतं. ही चाचणी झाली नसती तर 'फिट थांबवणं चांगलंच' या भरवशावर ते औषध दवाखान्यादवाखान्यांत दिलं गेलं असतं आणि किती मुलं त्यामुळे गेली हे कुणाला कळलंही नसतं, कारण प्रत्येक मृत्यू मलेरियाच्या खात्यात जमा झाला असता.

वाचलेल्या मुलांचं पुढे काय झालं? किलिफीत ज्यांना काही वर्षांपूर्वी गंभीर मलेरिया झाला होता अशी मुलं शोधून काढली गेली आणि त्यांची तुलना त्याच भागातल्या, असा आजार न झालेल्या मुलांशी केली गेली. 2004 साली छापलेल्या त्या अभ्यासात, आजार न झालेल्या मुलांत अपस्माराचं प्रमाण 2.2 टक्के होतं. मेंदूचा मलेरिया झालेल्यांत 9.2 टक्के. आणि तिसरा गट होता तो माझ्या मते सर्वांत बोलका. ही मुलं कोमात गेलीच नव्हती. त्यांना मलेरियाच्या तापात फक्त लांबलेल्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या किंवा शरीराच्या एकाच बाजूला येणाऱ्या फिट्स आल्या होत्या. त्यांच्यात अपस्मार 11.5 टक्के निघाला. तापात फिट आली, थांबली आणि मूल शुद्धीत आहे म्हणून निर्धास्त झालेल्या कितीतरी घरांतली ही मुलं होती.

अपस्मार हा दिसणारा भाग. त्याच मुलांची भाषा, स्मरणशक्ती, वागणूक, हालचाल तपासली तेव्हा आजार झालेल्या दोन्ही गटांत साधारण चौथा हिस्सा मुलांना कुठलं ना कुठलं व्यंग मागे राहिलेलं आढळलं. तुलनेच्या गटात हे प्रमाण 10 टक्के होतं. ही मुलं चालतात, खातात-पितात, शाळेत जातात. फक्त सांगितलेलं लक्षात राहत नाही, वाक्य जुळवताना अडखळतात, आणि वर्गात त्यांच्यावर 'मठ्ठ' असा शिक्का बसतो. अमिना अबुबकर आणि त्यांच्या चमूने अशा मुलांना मोजता यावं म्हणून स्थानिक मुलांच्या रोजच्या जगण्याला धरून चाचण्या तयार केल्या. श्रीमंत देशातल्या चाचणीत जी खेळणी आणि चित्रं असतात ती जर मुलाने जन्मात पाहिलीच नसतील, तर त्याचे गुण कमी येणारच, आणि तो दोष मुलाच्या मेंदूचा नसतो.

ब्लँटायरमध्ये ग्रेचेन बिरबेक यांनी उलट दिशेने अभ्यास केला. त्यांनी मागे वळून शोधण्याऐवजी मुलं रुग्णालयात असतानाच नावं नोंदवली आणि पुढे पाठपुरावा केला. डोळ्याच्या खुणेवरून खात्री झालेली मेंदूच्या मलेरियाची 132 मुलं आणि दुसऱ्या आजारांनी दाखल झालेली 264 मुलं. 2010 मध्ये निकाल आला. पहिल्या गटात 12 जणांना अपस्मार झाला, दुसऱ्या गटात एकालाही नाही. ज्यांना पुढे अपस्मार झाला, त्यांचा ताप आजारात जास्त चढलेला होता आणि त्यांना तेव्हा फिट्सही आल्या होत्या. त्यामुळे ताप जोरकसपणे खाली ठेवला तर मेंदूचं नुकसान टळेल का, याच्या चाचण्या पुढे सुरू झाल्या.

आता मूळ प्रश्न. संसर्ग संपल्यावर महिनोन्महिने शांत राहिलेला मेंदू अचानक का बिघडतो? कारण तो शांत नसतोच. संसर्गात काही पेशी मेलेल्या असतात, आणि आवरणाऱ्या पेशी गेल्या तर तोल उत्तेजनाकडे झुकतो. मेलेल्या पेशींच्या जागी आधार देणाऱ्या पेशींचा व्रण भरून येतो. रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत झिरपत राहते आणि रक्तातली प्रथिनं आत शिरून आजूबाजूच्या पेशींना चिथावतात. उरलेल्या पेशी तुटलेले दुवे पुन्हा जोडायला नवे फाटे फोडतात. घरातल्या तुटलेल्या वायरी कुणी घाईघाईत कशाही जोडल्या तर दिवा लागतो, पण आत कुठेतरी ठिणगी पडत राहते, तसं काहीसं हे असतं. मेंदूच्या कानशिलाकडच्या भागात खोलवर असलेला हिप्पोकॅम्पस यात फार लवकर दुखावतो. स्मरणशक्ती आणि अपस्मार हे दोन्ही त्रास बऱ्याचदा हातात हात घालून येतात ते यामुळेच. हा सगळा बदल हळूहळू होतो, म्हणून पहिली फिट उशिरा दिसते. आणि ही मधली प्रक्रिया रोखून अपस्मार होऊच देणार नाही, असं एकही औषध आजवर सिद्ध झालेलं नाही. जी औषधं आहेत ती फिट दाबतात, व्रण बुजवत नाहीत.

मलेरियाबद्दल एवढं लिहिलं, पण मेंदूला जखम करणारे इतरही बरेच आहेत. जिवाणूंच्या मेंदूज्वरात पू मेंदूच्या आवरणांत साचतो आणि त्यातून वाचलेल्या मुलाला अपस्मारासोबत बहिरेपणाही येऊ शकतो. मूल बेशुद्ध असेल तर शक्य तिथे पाठीतलं पाणी काढून तपासावंच लागतं, कारण मलेरिया आणि मेंदूज्वर बाहेरून सारखेच दिसतात आणि औषधं अगदी वेगळी असतात. नागिणीच्या जातीतला हर्पिस विषाणू थेट कानशिलाकडचा भाग पोखरतो. डुकराच्या पट्टकृमीची अंडी घाणेरड्या पाण्यातून किंवा अन्नातून पोटात गेली की अळ्या मेंदूत जाऊन गाठी करतात. यात एक गैरसमज फार पसरलेला आहे. मेंदूतल्या गाठी डुकराचं मांस खाल्ल्याने होत नाहीत. कच्च्या मांसातून पोटात जंत होतो, आणि त्या माणसाच्या विष्ठेतली अंडी ज्याच्या तोंडात जातात त्याच्या मेंदूत गाठी होतात. तो माणूस पक्का शाकाहारी असला तरी.

न्यूटन आणि सहकाऱ्यांनी केनियातील किलिफी, युगांडातील इगांगा, टांझानियातील इफाकारा, घानातील किंताम्पो आणि दक्षिण आफ्रिकेतील अगिनकोर्ट अशा पाच ठिकाणी घरोघर जाऊन अपस्माराचे रुग्ण शोधले. पाच लाखांहून जास्त लोकांना प्रश्न विचारले गेले. रुग्णांच्या रक्तात पट्टकृमी, कुत्र्यांच्या पोटातले जंत, मांजरातून येणारा टॉक्सोप्लाझ्मा आणि काळ्या माशीच्या चाव्यातून पसरणारा ऑन्कोसर्का कृमी यांच्या संपर्काच्या खुणा जास्त आढळल्या. मुलांमध्ये मात्र जन्माच्या वेळच्या अडचणी हेही मोठं कारण निघालं. अडलेलं बाळंतपण, उशिरा रडलेलं बाळ. यातली बरीच कारणं चांगली सुईण, स्वच्छ पाणी आणि संडास असला तर टळणारी आहेत.

आणि टळतात याचा पुरावाही किलिफीतच आहे. नव्वदच्या दशकात तिथे कीटकनाशकात भिजवलेल्या मच्छरदाण्यांची चाचणी झाली. मच्छरदाणी मिळालेल्या वस्त्यांत लहान मुलांचे मृत्यू 33 टक्क्यांनी आणि गंभीर मलेरियाने दाखल होणं 44 टक्क्यांनी कमी झालं. 2001 च्या अखेरीस केनियाने मेंदूज्वर करणाऱ्या हिब जिवाणूवरची लस सर्व बाळांना द्यायला सुरुवात केली. किलिफीत पाच वर्षांखालच्या मुलांत या जिवाणूचा गंभीर आजार वर्षाला लाखात 66 जणांना होत होता. तीन-चार वर्षांत तो आकडा आठच्या खाली आला. मलेरियाच्या उपचारात जुन्या क्विनाइनऐवजी आर्टेसुनेट दिलं तर जास्त मुलं वाचतात, हे 2010 मध्ये नऊ आफ्रिकी देशांतल्या 5,425 मुलांच्या चाचणीत दिसलं. क्विनाइनवर 10.9 टक्के दगावली, आर्टेसुनेटवर 8.5 टक्के. मलेरियावरच्या लशीही आल्या. पहिलीला जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये मान्यता दिली, दुसरीला 2023 मध्ये, आणि दोन्हींच्या चाचण्यांत किलिफीतली मुलं सहभागी होती. यातलं एकही पाऊल 'अपस्मार प्रतिबंध' या नावाने उचललेलं नाही. पण जो मेंदू जखमी झालाच नाही त्याला व्रणही राहत नाही.

ज्यांना अपस्मार झालाच आहे त्यांचं काय? जगात सुमारे 5 कोटी लोकांना अपस्मार आहे, त्यातले जवळपास 80 टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. औषध नीट मिळालं तर 70 टक्के लोकांच्या फिट्स थांबू शकतात. वर ज्याने धोका दाखवला तेच फिनोबार्बिटोन 1912 पासून वापरात आहे आणि रोजच्या छोट्या डोसात, डॉक्टरच्या देखरेखीखाली, ते जगातलं सर्वांत स्वस्त आणि चांगलं काम करणारं औषध आहे. कोमातल्या मुलाला एकदम मोठा डोस देणं आणि अपस्मार असलेल्या मुलाला रोजची गोळी देणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तरी औषध पोचत नाही. किलिफीत अपस्माराच्या रुग्णांना विचारलं तेव्हा 43 टक्के लोक औषध घेत नसल्याचं आढळलं. रक्त तपासलं तेव्हा 62 टक्के लोकांच्या रक्तात औषध नव्हतं. म्हणजे घेतो म्हणणाऱ्यांपैकीही कितीतरी जण घेत नव्हते. यावर लोकांना दोष देणं सोपं आहे. संशोधकांनी कारणं शोधली. दवाखाना 30 किलोमीटरहून दूर होता. गोळ्यांना पैसे पडत होते. फिट ही भुताखेताची बाधा आहे असा समज होता, आणि आधी मांत्रिकाकडे जायची रीत होती. तो मांत्रिक जवळ राहतो, वेळ देऊन ऐकतो, त्यांच्या भाषेत बोलतो, पैसे नंतर दिले तरी चालतात. मग लोकांना अपस्माराबद्दल समजावून सांगण्याचा कार्यक्रम घेऊन त्याचीही रीतसर चाचणी केली. वर्षभराने समज सुधारले, भीती कमी झाली. पण कार्यक्रम न मिळालेल्यांशी तुलना केली तर रक्तातल्या औषधात फरक पडला नव्हता, फिट्समध्येही नाही. माहिती देऊन रस्ता लहान होत नाही आणि गोळी फुकट होत नाही. तिथल्या अपस्माराच्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण आसपासच्या लोकांपेक्षा सहा पटींहून जास्त होतं, आणि गोळ्या न घेणं हे त्याचं एक ठळक कारण होतं. फिट येऊन उघड्या चुलीत पडणं, पाण्यात बुडणं, फिट न थांबणं, असे हे मृत्यू असतात.

मेंदूच्या संसर्गातून उठलेलं मूल घरात असेल तर काही गोष्टींवर लक्ष ठेवावं. अंग झटकणारी मोठी फिट कुणाच्याही नजरेतून सुटत नाही. सुटतात त्या लहान. मूल बोलता बोलता काही सेकंद हरवतं आणि नंतर त्याला ते आठवत नाही. एकच हात किंवा गालाचा एक कोपरा वारंवार उडतो. मान अचानक खाली पडते. झोपेतून उठताना अंग दचकतं आणि हातातली वस्तू उडते. उगीचच चावल्यासारखं किंवा ओठ चाटल्यासारखं करत राहतं. असं काही दिसलं तर फोनवर त्याचा व्हिडिओ काढावा, कारण डॉक्टरसमोर ते घडेलच असं नाही आणि एका व्हिडिओने निदान कितीतरी सोपं होतं. शाळेत मागे पडत असेल, बोलणं उशिरा येत असेल, हाक मारली तर लक्ष जात नसेल, तर ऐकणं आणि विकास दोन्हींची तपासणी करून घ्यावी आणि पूर्वीच्या आजारपणाचा कागद दाखवावा. फिट आलीच तर मुलाला कुशीवर वळवावं, आसपासच्या टणक वस्तू दूर कराव्यात, घड्याळ पाहावं. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. पाच मिनिटांत थांबली नाही, लागोपाठ दुसरी आली, किंवा थांबल्यावरही मूल शुद्धीवर आलं नाही तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. आणि अपस्माराच्या गोळ्या चालू असतील तर 'आता वर्षभर फिट आली नाही' म्हणून त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. एकदम थांबवलेल्या गोळीने न थांबणारी फिट येऊ शकते. कमी करायच्या असतील तर डॉक्टर त्या हळूहळू, काही महिन्यांत कमी करतात.